बर्फाचंही पाणीच होतं

९० अंश सेल्सिअसची एक वाटी कॉफी ५ अंशांवर आणायची असेल, तर जवळजवळ तेवढ्याच वजनाचा बर्फ तिच्यात वितळून जावा लागतो. हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो आणि झालेलं पाणी ५ अंशांपर्यंत चढताना आणखी पाच. दुसऱ्या बाजूला एक ग्रॅम कॉफी ९० वरून ५ वर उतरताना ८५ कॅलरीच सोडते. (या कॅलरी भौतिकशास्त्रातल्या; वजन उतरवणाऱ्यांनी घाबरू नये, त्यांची एक कॅलरी म्हणजे या हजार.) फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी पुरतो, पण थोडाच. म्हणजे रोजच्यासारखी काळी कॉफी करून बर्फावर ओतली, की हातात येतो तो निम्मी कॉफी आणि निम्मं पाणी असा पेला.

मुळात चांगल्या काळ्या कॉफीत तरी असतं काय? शंभर ग्रॅममध्ये सव्वा ग्रॅमच्या आसपास कॉफीचा विरघळलेला अंश, बाकी सगळं पाणी. त्यात आणखी तेवढंच पाणी पडलं तर उरतं ते कॉफीचा वास लागलेलं तपकिरी काहीतरी. ‘घरी बाहेरच्यासारखी होत नाही’ म्हणून लोक आधी महागडी कॉफी आणतात, मग यंत्र आणतात, मग बाटल्यांतली सिरपं. दोष बहुतेक वेळा कॉफीचा नसतोच. बर्फ हासुद्धा कृतीतला एक जिन्नस आहे आणि तो पाणी म्हणून मोजायचा असतो, हे कोणी सांगितलेलं नसतं. थंड कॉफीच्या जगभरच्या रीती या नजरेनं पाहिल्या तर त्यांच्यातला गोंधळ बराच निवळतो. हे जास्तीचं पाणी कुठून वजा करायचं, याचं एकेक उत्तर म्हणजे एकेक रीत.

सगळ्यात जुनं नाव घेतलं जातं ते माझाग्रानचं. अल्जेरियातल्या या गावी १८४० मध्ये फ्रेंच तुकडीला वेढा पडला होता. तिथले सैनिक गार पाण्यात कॉफी मिसळून पीत, ती सवय घेऊन ते फ्रान्सला परतले आणि पॅरिसच्या कॅफेंत त्या गावाच्या नावानं पेला मिळू लागला, अशी कथा आहे. पोर्तुगालमध्ये आजही त्याच नावानं लिंबू पिळलेली गार कॉफी देतात. त्या काळी बर्फ ही चैनच होती. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं जहाज तळ्यांतला गोठलेला बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं, आणि लवकरच मुंबईलाही तसा बर्फ येऊ लागला. जमशेटजी जीजीभाईंच्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम खाऊन यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी तेव्हाच्या ‘मुंबई समाचार’नं दिली होती म्हणतात. ‘गार पिऊ नकोस, घसा धरेल’ हे बजावणं मुंबईत बर्फाइतकंच जुनं आहे.

ग्रीसचं उत्तर अपघातानं सापडलं. १९५७ च्या थेस्सालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय जत्रेत नेस्ले कंपनीचे लोक मुलांसाठीचं एक चॉकलेट पेय शेकरमध्ये हलवून दाखवत होते. त्यांच्यातल्या दिमित्रिस वाकोंदिओस यांना मधल्या सुट्टीत कॉफीची तलफ आली आणि गरम पाणी मिळेना. त्यांनी इन्स्टंट कॉफी, गार पाणी आणि बर्फ त्याच शेकरमध्ये घालून हलवलं. वर जाड फेस आला, आणि ग्रीसला ‘फ्रापे’ मिळाली. पाण्याच्या हिशेबात ही रीत सगळ्यात सोपी आहे. इन्स्टंट पावडर म्हणजे कारखान्यानं आधीच करून, पाणी उडवून ठेवलेली कॉफी. पाणी किती आणि कोणत्या रूपात परत घालायचं हे पूर्णपणे आपल्या हातात.

व्हिएतनामनं वेगळा मार्ग धरला. पेल्यावर बसणारी ‘फिन’ नावाची छोटी धातूची गाळणी, तिच्यातून थेंबथेंब पडणारा कडक रोबस्टाचा अर्क, खाली आटवलेलं गोड दूध, आणि मग बर्फ. फ्रेंचांच्या काळात ताजं दूध दुर्मिळ होतं म्हणून डब्यातलं दूध आलं आणि ते कायमचं राहिलं. ‘फिन’ उघडून पाहिली तर आपल्याकडच्या माणसाला आश्चर्य वाटतं, कारण आतली भोकांची चकती, वरचा दाब, गुरुत्वाकर्षणावर सोडलेलं काम, हे सगळं मद्रासी फिल्टरचंच आहे. जपानात थंड कॉफी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पितात. कॉफी थेट बर्फावर उतरवण्याची रीत तिथलीच, आणि १९६९ मध्ये उएशिमा कंपनीनं दूध घातलेली कॉफी डब्यात बंद करून विकायला काढली तीही तिथेच. स्पेनमध्ये तर कप गरम आणि बर्फाचा पेला वेगळा असा समोर आणून ठेवतात. साखर गरम कपातच ढवळायची आणि मग बर्फावर ओतायचं. या स्पॅनिश शहाणपणाकडे पुन्हा येऊच.

आणि आपण? सरकारी कॉफी सेस कमिटीनं पहिलं इंडिया कॉफी हाउस १९३६ मध्ये उघडलं ते मुंबईत, चर्चगेटला. घरातली मराठी कॉफी मात्र या सगळ्यापासून लांब, पातेल्यातली: दुधात साखर, कॉफी आणि जायफळ घालून उकळलेली. पाहुण्यांना संध्याकाळी चहा नको असेल तर ती. थंड कॉफी आली ती कॉलेजांच्या आसपासच्या कॅफेंतून, मिक्सरमध्ये दूध, साखर, इन्स्टंट कॉफी आणि बर्फ घुसळून. पुण्यात कोथरूडच्या ‘दुर्गा’समोर उभं राहून ती प्यायलेल्या पिढ्या आहेत. ही ‘कोल्ड कॉफी’ म्हणजे खरं तर कॉफीच्या चवीचं दूध. तिला कमी लेखण्याचं कारण नाही, पण तिला काळ्या कॉफीचे नियम लावून चालत नाही. तिथे पेल्याचा मुख्य भाग आधीच फ्रिजमधून आलेला असतो, म्हणून बर्फ कमी वितळतो. तिची फसगत दुसऱ्याच जागी होते, साखर आणि दुधापाशी.

घरी करायच्या रीतींत आधी इन्स्टंटचं बघू, कारण डबा प्रत्येक घरी असतो आणि तिला उगाच नाकं मुरडली जातात. पाकिटामागची बारीक अक्षरं तेवढी वाचावीत. काही इन्स्टंट कॉफी निखळ असतात, काहींत तीस टक्के किंवा जास्त चिकोरी असते. निखळ पावडर गार पाण्यातही विरघळते, पण गुठळ्या राहतात. दोन चमचे गरम पाण्यात आधी कालवून घेतली की प्रश्न मिटतो. कपात कॉफी, साखर आणि अगदी थोडं पाणी घालून चमच्यानं फेटत बसायचं, रंग गडदाचा फिकट होईपर्यंत, हा उद्योग वसतिगृहांत आणि घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जानेवारी २०२० मध्ये जंग इल-वू हा कोरियन अभिनेता मकाऊच्या एका दुकानात अशी कॉफी पिताना दूरचित्रवाणीवर दिसला, पाठोपाठ टाळेबंदी आली, आणि आपलीच फेटलेली कॉफी ‘दालगोना’ म्हणून आपल्याकडे परत आली. तिचं प्रमाण सगळ्यांना पाठ झालं: दोन चमचे कॉफी, दोन साखर, दोन गरम पाणी. हा फेस टिकतो कारण इन्स्टंटमधले विरघळलेले घटक हवेचे बुडबुडे धरून ठेवतात आणि साखरेमुळे द्रव घट्ट होऊन ते लवकर फुटत नाहीत. स्निग्धांश मात्र त्याचा वैरी. म्हणून दूध आधी घालायचं नाही, आणि म्हणूनच फिल्टरची पावडर कितीही फेटली तरी असा फेस येत नाही. ती विरघळतच नाही आणि तिच्यात तेलही असतं. एका पेल्याला दोन-तीन ग्रॅम पावडर पुरते. फेटलेला गोळा दुधावर तरंगत ठेवून फोटो काढण्यापेक्षा तो दुधात नीट मिसळून प्यावा, एवढंच माझं म्हणणं.

आता फिल्टर. या सगळ्या शोधाशोधीत आपल्या स्वयंपाकघरातली सर्वांत योग्य वस्तू कोपऱ्यात पडून राहते असं मला वाटतं. स्टीलचा किंवा पितळी फिल्टर हे घट्ट अर्क काढण्याचं साधन आहे, आणि बर्फाला हवा असतो तो घट्ट अर्कच. २५ ग्रॅम पावडर वरच्या भांड्यात घाला, छत्रीनं, म्हणजे दांडीच्या चकतीनं, हलकं दाबा (जोरात दाबलं तर पाणी उतरतच नाही), उकळी येऊन मिनिटभर थांबलेलं १३० मिलिलिटर पाणी सावकाश ओता. पावडर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते. म्हणून पंधरा-वीस मिनिटांत खाली ८० मिलिलिटर डिकॉक्शन मिळतं. दोन पेल्यांचं काम झालं. गरम कॉफीसाठी पुष्कळ घरांत त्याच पावडरवर दुसरं पाणी घालतात. थंडसाठी ते घालू नका, ते दुसरं पाणी आपण बर्फाच्या रूपात देणारच आहोत.

आकडे पाहा. ६० अंशांचं ४० मिलिलिटर डिकॉक्शन ५ अंशांवर आणायला सुमारे २६ ग्रॅम बर्फ वितळेल. त्यावर फ्रिजमधलं सव्वाशे मिलिलिटर दूध. इतकं घट्ट डिकॉक्शन हे पाणी सहज पचवतं. तेच डिकॉक्शन आधी झाकून फ्रिजमध्ये गार केलं तर वितळणारा बर्फ नावापुरता. सकाळी नाश्त्याच्या वेळी फिल्टर लावायचा आणि चारच्या उन्हात पेला भरायचा, यात खटपट अशी काही उरत नाही. फ्रिजमध्ये ते दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक राहतं, पुढे वास जातो. सकाळी उरलेली, दूध घातलेली, परत गरम केलेली कॉफी ‘आइस्ड’ करायला काढू नये; गरम राहिलेली कॉफी तासागणिक आंबट-कडवट होत जाते आणि ते बर्फानं लपत नाही.

डिकॉक्शनसाठी पावडर कोणती, यावर माटुंग्याच्या ‘मायसोर कन्सर्न्स’सारख्या दुकानात उभं राहिलं की शिक्षण होतं. ‘प्लांटेशन ए’ म्हणजे धुतलेल्या अरेबिकाचा मोठा दाणा, ‘पीबी’ म्हणजे फळात जोडीऐवजी एकटा वाढलेला गोल दाणा, आणि मग चिकोरी किती टक्के घालू हा प्रश्न. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे सत्तर टक्के रोबस्टा आहे आणि एकूण पिकाचा जवळपास तेवढाच वाटा एकट्या कर्नाटकाचा. महाराष्ट्रात कॉफी दिसते ती मेळघाटात, चिखलदऱ्याला, आणि तीही थोडी. रोबस्टा कडक, मातकट, कॅफिनला भारी. दूध आणि साखर घालून बर्फावर ती छान उभी राहते, व्हिएतनामची सगळी कहाणी तिच्यावरच आहे. काळी प्यायची तर अरेबिका घ्या आणि फार काळपट भाजलेली नको, कारण थंडीत सुगंध मुळातच कमी उडतो आणि जळका कडवटपणा तेवढा पुढे येतो. चिकोरीबद्दल आपल्याकडे दोन तट आहेत. ती भाजलेली मुळी आहे, तिच्यात कॅफिन नसतं. रंग, दाटपणा आणि एक जळक्या साखरेसारखी चव ती देते. दुधाच्या थंड कॉफीत वीस टक्के चिकोरी मला आवडते, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिअन्स तर तिच्याशिवाय थंड कॉफी करत नाही. काळ्या थंड कॉफीत मात्र ती नको. कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, म्हणजे पाकिटात ४९ टक्के मुळी असणंही कायदेशीर आहे, हे लक्षात ठेवून दर बघावा.

दूध न घालता, कॉफीचा खरा सुवास राखून थंड प्यायची असेल त्यांच्यासाठी जपानी रीत. ३० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, ३०० ग्रॅम गरम पाणी आणि खालच्या भांड्यात २०० ग्रॅम बर्फ. एकूण पाणी ५०० ग्रॅम, म्हणजे नेहमीइतकंच. त्यातले पाचांपैकी दोन भाग गोठवून खाली ठेवले एवढंच. वरून उतरणारी साधारण २४० ग्रॅम, नेहमीच्या जवळपास दुप्पट दाट कॉफी जवळजवळ सगळा बर्फ वितळवते आणि त्याच क्षणी गार होते, त्यामुळे उडून जाणारा सुगंध पेल्यातच अडकतो. व्ही-६० नावाचा शंकू असेल तर उत्तम. नसेल तर कागदी फिल्टर चहाच्या मोठ्या गाळण्यात बसवला तरी चालतं. या रीतीला एकच गोष्ट हवी, स्वयंपाकघरातला वजनकाटा. ‘चार-पाच खडे’ हे माप इथे उपयोगाचं नाही. फ्रेंच प्रेस, मोका पॉट, एअरोप्रेस यांतलं काही घरात असेल तर याच तत्त्वावर वापरावं: पाणी निम्मं, उरलेलं बर्फात. त्यासाठी मुद्दाम विकत आणू नये.

राहिलं ते कोल्ड ब्रू, ज्याचा सध्या फारच बोलबाला आहे. इथे पाणी गरम करायचंच नाही. जाड दळलेली पावडर गार पाण्यात रात्रभर भिजवायची आणि गाळायची. जपानातल्या क्योतोमध्ये थेंबाथेंबानं गार पाणी टाकणारे काचेचे उंच मनोरे आहेत, पण घरगुती भिजवणीचा आजचा प्रसार अमेरिकेतून झाला. टॉड सिम्पसन यांनी १९६४ मध्ये ‘टॉडी’ नावाचं बादलीवजा साधन काढलं. स्टारबक्सनं २०१५ मध्ये कोल्ड ब्रू आपल्या दुकानांत आणलं आणि मग सगळ्यांनी. घरी करायला १०० ग्रॅम कॉफी आणि ८०० मिलिलिटर पाणी पुरतं. भिजलेली पावडर २०० मिलिलिटर गिळते, ६०० मिलिलिटर घट्ट कॉफी हाती येते, तिच्यात तेवढंच पाणी किंवा दूध घातलं की सहा पेले.

या पेयाबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं तरी तपासून घ्यावं असं आहे. ‘यात ॲसिड नसतं, पित्त होत नाही’ हे पहिलं. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या नायनी राव आणि मेगन फुलर यांनी २०१८ मध्ये काही कॉफी घेऊन प्रत्येकीचे गरम आणि गार असे दोन्ही अर्क मोजले. दोन्हींचा सामू जवळपास सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान. फरक होता तो एकूण आम्लांच्या प्रमाणात. गरम कॉफीत ती अधिक उतरतात. जिभेला गार कॉफी मवाळ लागते ती बहुधा यामुळे, पण पित्तावरचं औषध म्हणून ती विकू नये. दुसरा समज वेळेचा. चोवीस तास, छत्तीस तास भिजवण्याच्या कृती सांगितल्या जातात. याच दोघींच्या २०१७ च्या अभ्यासात खोलीच्या तापमानाला कॅफिन आणि क्लोरोजेनिक आम्लाची पातळी सुमारे ४०० मिनिटांत, म्हणजे पावणेसात तासांत, स्थिरावली होती. फ्रिजमध्ये सगळं सावकाश चालतं, तिथे बारा ते सोळा तास द्यावेत. त्यापुढे मिळतो तो लाकडी तुरटपणा.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. परदेशी कृतींत ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ती खोली बावीस-तेवीस अंशांची असते. एप्रिल-मे महिन्यातलं नागपूरचं किंवा परभणीचं स्वयंपाकघर पस्तिशीच्या पुढे असतं. न उकळलेलं पाणी, न उकळलेली पावडर, फारसं आम्लही नाही, आणि बारा तास तशी ऊब: जंतूंना आणखी काय हवं? म्हणून भिजवणी पहिल्या मिनिटापासून फ्रिजमध्येच, पाणी उकळून गार केलेलं, बरणी गरम पाण्यानं धुतलेली, आणि गाळल्यावर तीन-चार दिवसांत संपवायची. बाजारात मिळणारी फिल्टरची पावडर यासाठी बारीक पडते. पेल्याच्या तळाशी चिखल साचतो. दुकानदाराला जाड रव्यासारखी दळून मागा, आणि दुहेरी मलमलीतून न पिळता गाळा. पिळलं की सगळा गाळ खाली येतो, मेहनत वाया.

मला स्वतःला कोल्ड ब्रू जरा बोथट वाटतं. गरम पाणी जे सुगंधी, फळांसारखं, किंचित आंबट असं काढतं ते गार पाण्याला नीट काढताच येत नाही. चांगली, महाग अरेबिका त्यात बुडवणं हा अपव्यय आहे. उलट साधी, थोडी जास्त भाजलेली किंवा मॉन्सून्ड मलबारसारखी मुळातच कमी आंबट कॉफी यात खुलते. मोठं घर, सुट्टीला आलेले पाहुणे, प्रत्येकाची वेगळी वेळ, अशा ठिकाणी बरणी तयार असणं हा तिचा खरा फायदा.

दुधाकडे येऊ. आपल्याकडची पिशवी स्वतःच सांगते: फुल क्रीम म्हणजे ६ टक्के स्निग्धांश, टोन्ड ३, डबल टोन्ड दीड. फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध थंड कॉफीत दाट लागतं पण कॉफीची चव झाकतं. डिकॉक्शन जरा जास्त घालायची तयारी हवी. तापवून गार केलेलं दूध गाळून घ्यावं, कारण गरम कॉफीत विरघळणारी साय थंडात चिंध्यांसारखी तरंगते. आइस्क्रीमचा गोळा घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही, फक्त मग साखर घालू नये. आणि जायफळाच्या मराठी कॉफीला थंडाव्यात जागा नाही असं कोणी समजू नये. जायफळाचा सुगंध तेलात आहे, गार दुधावर किसलं तर ते नुसतं भुशासारखं लागतं. दूध कोमट असताना किसून घाला, झाकून गार होऊ द्या, मग डिकॉक्शन आणि बर्फ. वेलदोड्याचंही तेच.

साखर थंड कॉफीत विरघळत नाही हे अर्धसत्य आहे. थंड पाण्यातसुद्धा साखर भरपूर मावते. ती विरघळायला वेळ फार घेते आणि तोवर आपण अर्धा पेला संपवलेला असतो, शेवटी तळाशी पाक. म्हणून स्पेनच्या माणसासारखं गरम डिकॉक्शनमध्येच साखर ढवळावी, किंवा समान वजनाचं साखर-पाणी एक उकळी काढून बाटलीत भरून ठेवावं. गुळाचं पाणीही चांगलं लागतं; उकळत्या दुधात गूळ पडला तर दूध फाटण्याची भीती असते, गार दुधात ती फारशी नाही. एक सावधगिरी मात्र हवी. थंडीत जिभेला गोडी कमी कळते, म्हणून थंड कॉफीत नकळत साखर जास्त पडते. बाहेरच्या मोठ्या पेल्यांची गंमत बरीचशी त्यातच आहे. आटवलेल्या दुधाच्या डब्यात तर निम्म्याहून अधिक साखरच असते.

बर्फाबद्दल थोडं. मोठा खडा सावकाश वितळतो, चुरा लगेच. त्यामुळे मिक्सरमधून काढलेल्या काळ्या कॉफीचं पाणी होतं. उघड्या ट्रेतला बर्फ फ्रीजरमधल्या बोंबलांचा आणि चिरलेल्या कोथिंबिरीचा वास धरतो, तेव्हा ट्रे झाकलेला असावा. कॉफीचेच खडे करून ठेवण्याची युक्ती पाण्याच्या हिशेबात अचूक आहे, फक्त दुधाच्या कॉफीत शेवटचे घोट पहिल्यापेक्षा कडक होतात. पाणी बोअरवेलचं जड असेल तर कॉफी सपाट लागते, मग पिण्याचंच गाळलेलं पाणी बर्फालाही वापरावं. समारंभासाठी बाहेरून बर्फ आणणाऱ्यांनी रंग पाहावा: महाराष्ट्रात खाण्याजोगा नसलेला बर्फ निळा करण्याचा नियम २०१८ पासून आहे.

कॅफिनचा उल्लेख अखेरीस, पण हलक्यानं घेण्यासारखा नाही, कारण थंड पेय घटाघट जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे आणि जेवणाआधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. वरच्या प्रमाणात केलेल्या अरेबिका कोल्ड ब्रूच्या एका पेल्यात १५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन येतं. रोबस्टा असेल तर अडीचशेच्या पुढे. इन्स्टंटच्या पेल्यात साधारण पन्नास-साठ. बरणीतली घट्ट कॉफी पाणी न घालता पेल्यात ओतणाऱ्या तरुण मंडळींनी हे आकडे फ्रिजच्या दारावर लावावेत.

माझा कौल असा: दुधाची आवडत असेल तर फिल्टरचं डिकॉक्शन, काळी आवडत असेल तर बर्फावर उतरवलेली जपानी, घाई असेल तर फेटलेली इन्स्टंट, आणि घरात माणसं दहा असतील तेव्हाच कोल्ड ब्रू. मागणं आहे ते कॉफी विकणाऱ्यांकडे. पाकिटावर भाजल्याची तारीख आणि चिकोरीची टक्केवारी समोरच्या बाजूला ठळक छापा, आणि जाड दळण मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘फिल्टरला ते चालत नाही’ म्हणून परत पाठवू नका.